दारातला वारा

चपलांचं दुकान उघडलं, तरी सासूबाई गल्ल्यावर बसेनात. इतकी वर्षं दाराला लागून असलेला गल्ला सुनेनं उचलून थेट मागच्या भिंतीशी नेला होता. दारात नुसती मोकळी फरशी. उजव्या हाताला नवी मांडणी, आणि वाकून बघणाऱ्याला मागून कुणाचा धक्का लागू नये एवढी ऐसपैस वाट.

"दारात वारा फार लागतो, आई. तुमचे गुडघे धरतात," सून म्हणाली.

दुकानं आतून कशी मांडायची, हेच ती शिकली होती. माणूस आत शिरला की पहिली चार पावलं त्याला काही दिसत नाही, मग तो उजवीकडे वळतो, असलं बरंच काही तिनं घरी सांगून झालं होतं. गल्ला हलवायचं कारण मात्र वारा, एवढंच.

"बरे आजच माझे गुडघे आठवले! मालकिणीला अडगळीत टाकलंस, दुसरं काय!"

सासूबाई धुसफुसत मागे जाऊन बसल्या. त्यांना लागलं होतं, आणि लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गिऱ्हाईक असंच फिरकेनासं झालं तर दुकानाला कुलूप लागणार, हेही दोघींना ठाऊक होतं.

तेवढ्यात एक बाई आल्या. दारात जरा थबकल्या, उजवीकडे वळल्या आणि सावकाश सगळं दुकान फिरल्या. खालच्या फळीवरचा जोड काढून पायात घातला, आरशापर्यंत चालून पाहिलं. 'काय हवंय?' सासूबाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. सुनेनं डोळ्यांनीच थोपवलं. हां हां म्हणता तीन जोड गल्ल्यावर आले.

"दुकान नवीन का हो?" बाईंनी विचारलं.

"छे, जुनंच आहे," सासूबाई म्हणाल्या.

"अगं बाई! रोज इथूनच तर जाते मी. पण दारात एक म्हातारी बसायची बघा. अशी टक लावून बघायची, की आत गेलं तर घेतल्याशिवाय सुटका नाही! मी आपली मान खाली घालून सटकायचे."

सुनेच्या हातातला खोका हातातच राहिला.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "होती खरी. खाऊ की गिळू करायची मेली. तिला आता आत बसवलंय."

बाई हसत हसत गेल्या.

"आई, मी…"

सासूबाईंनी हातानंच तिला थांबवलं. त्यांना सगळं उमगलं होतं. सुनेचं शिक्षण, आणि ते सांगताना तिनं नेमकं काय गाळलं तेही. इतकं जपून त्यांना आजवर कुणी बाजूला केलं नव्हतं.

त्यांनी गुडघ्यांवरून हात फिरवला.

"वारा फारच होता गं तिथं," त्या म्हणाल्या. "बरं केलंस, हलवलंस ते."