पहिली उडी

डर्ट बाइकच्या चाकातून एक्सल आरपार गेला. इलाहीचाचांनी पुढचा ब्रेक आवळला आणि हँडलवर भार देऊन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, तीनदा दाबला. दोन्ही नळ्या सरळ बसल्या, तेव्हाच त्यांनी खालचे बोल्ट घट्ट केले.

तीन वर्षांपूर्वी याच गाडीचा फोर्क, शर्यतीच्या गडबडीत, चाचांकडून असा दाबायचा राहिला होता. पहिल्याच उडीत फोर्क खट्कन अडकला आणि चालवणारा पोरगा जागीच गेला. उडीच उंच होती, असं सगळे म्हणाले. चाचा गप्प बसले. तेव्हापासून प्रत्येक फोर्क दाबताना त्यांच्या कानात तेच ‘खट्ट’ वाजायचं.

आज त्या पोराची बहीण तीच गाडी शर्यतीला नेणार होती. ती मघापासून चाचांच्या हातांकडेच बघत होती.

“चाचा, दादाच्या वेळी हे राहिलं होतं ना?”

चाचांच्या हातून पाना निसटला. “तुला कुणी सांगितलं?”

“त्यानंच. हेल्मेट घालताना. मी म्हटलं, चाचांना हाक मारते. तर म्हणाला, ‘नको, एवढ्या लोकांत त्यांना मान खाली घालावी लागेल. पहिल्या उडीत फोर्क बसेल आपोआप.’”

तिनं पाना उचलून त्यांच्या हातात दिला.

“मीही गप्पच बसले, चाचा.”