चोरखिसे

“कोट काढून पुन्हा काट्यावर उभे राहा,” व्हिडिओ कॉलच्या पडद्यावरून डॉक्टर म्हणाल्या.

शिंपीबुवा खुर्चीतून हलले नाहीत. कर्करोगाचं मोठं इस्पितळ दीडशे किलोमीटरवर. डॉक्टर तिथून बघायच्या, बोलायच्या. औषधाची बाटली इथे गावच्या दवाखान्यात सिस्टर लावायची. पाच महिने हे सुरळीत चाललं होतं. दर तीन आठवड्यांनी काट्यावर एकच आकडा यायचा, अठ्ठावन्न. आज मात्र डॉक्टरांना तोंडातले फोड दिसले. आठवडाभर घास उतरत नव्हता, आणि वजन तसूभरही हललं नव्हतं.

“थंडी वाजते हो,” शिंपीबुवा म्हणाले. सिस्टरच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

“अहो, पुरे झाली ही कारागिरी!” बायको म्हणाली आणि त्यांना उठवून तिनेच कोटाची बटणं सोडली. कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, तर खुर्चीच मागे कलंडली.

अस्तरात चोरखिसे होते. चांगले सात. पडदे सरळ लोंबावेत म्हणून काठात घालतात, त्या शिशाच्या चकत्या प्रत्येकात भरलेल्या. शिवण इतकी चोख की सिस्टरला नख घालायला फट मिळेना. कामाला नाव ठेवायची सोय नव्हती. काट्यावर आकडा आला, एक्कावन्न.

शिंपीबुवांना रडू फुटलं. “शेजारच्या गवंड्याचं वजन उतरलं, त्याचं औषध थांबवलं, अन् महिन्यात तो गेला. माझं थांबवू नका, डॉक्टर. मला जगायचंय.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. “वजन उतरलं एवढ्यानं औषध थांबत नाही, काका. वजन बघून ते किती द्यायचं, हे आम्ही ठरवतो. जास्त झालं की असे फोड येतात, अंगातलं बळ जातं. तुमची गाठ निम्म्यावर आलीय. फोड बरे होऊ द्या, मग एक्कावन्न किलोला लागेल तेवढंच देऊ.”

शिंपीबुवांनी डोळे पुसले. चाळीस वर्षांत त्यांनी खोट्या मापावर कधी कात्री चालवली नव्हती. माप देताना पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ घरी पाठवत.

“म्हणजे इतके दिवस,” ते हळूच म्हणाले, “मी दुसऱ्याच माणसाच्या मापाचं औषध घेत होतो.”