रिकामी खुर्ची

कुशाबा आमच्या चाळीतला बदली कामगार. म्हणजे गिरणीत कुणाचा खाडा पडला, की त्याच्या जागी एका दिवसापुरता उभा राहणारा. तीन आठवडे त्याला बदली मिळाली नव्हती. तरी दिगंबरकुमारचा खुनाचा सिनेमा बघायला त्याने मला परळला ओढून नेलंच. सातव्यांदा!

"सगळं लालबाग संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेलंय आणि तू त्या खुन्याचं थोबाड बघतोयस," मी म्हणालो.

"गप रे. सुरी कशी धरतो बघ!"

खुनाचा प्रसंग आता मलाही पाठ होता. दिगंबरकुमार खोलीत शिरतो, खुर्चीतला शेठ मान वर करतो आणि संपतो.

त्या दुपारी दिगंबरकुमार शिरला, तर खुर्ची रिकामी. माझ्या गोष्टींत मीठमसाला असतो, कबूल. ही मात्र अळणीच सांगतोय.

वाद्यं थांबली. त्याने पडद्यातून आमच्या रांगांकडे पाहिलं. गिरणीच्या गेटवर कामगार निवडणारा जॉबर बघतो तसं, तुच्छतेने.

"शेठचा आज खाडा आहे," तो म्हणाला. "बदली कोण आहे?"

थेटरातलं कुणीच दचकलं नाही. माझ्या शेजारी मात्र, विचार करायच्या आत, सवयीने एक हात वर गेला.

मी तो दोन्ही हातांनी खाली ओढला. हलेना.

"कुशाबा," दिगंबरकुमारने नाव पुकारलं.

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कुशाबाचा चेहरा उजळला, आणि तो उठला.