पारण्याचा पहिला घोट

वाटीत मुगाचं पाणी होतं. पिवळसर, पातळ, वाफाळतं. इचरजबाईंनी वाटी दोन्ही हातांनी धरली होती. आठ दिवस त्यांनी उकळलेल्या पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. आज अठाईच्या उपवासाचं पारणं. पण पहिला घोट त्या घेणार नव्हत्या. जे लेकरू स्वतःच्या हातानं खाऊ शकत नाही, त्याला याच वाटीतला पहिला घोट पाजायचा आणि मगच आपण तोंड उघडायचं, असा संकल्प त्यांनी जैन मुनी महाराजसाहेबांसमोर केला होता.

म्हणून जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांमागच्या अपंग मुलांच्या केंद्रात, सकाळीच घरचे सगळे जमले होते. केंद्र त्यांच्याच ट्रस्टचं. कारभार त्यांचा मुलगा जिनेंद्र पाहायचा. लेकरूही त्यानंच निवडलं होतं. हसनाबादचा कल्याण, वय सात, जन्मताना मेंदूला इजा झालेला.

कल्याणच्या खुर्चीपुढं रितिका उभी होती. मुलांना गिळायला आणि बोलायला शिकवणं हे तिचं इथलं काम.

"हे त्याला चालणार नाही, काकाजी. पातळ पाणी तो गिळायच्या आधीच घशात उतरतं. तेव्हा श्वासनलिका उघडी असते. पाणी पोटात न जाता फुप्फुसात जातं."

"अगं, एक घोट आहे," जिनेंद्र म्हणाला.

"एक घोट पुरतो."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"तांदळाचं पीठ शिजवून घालते. घट्ट झालं की पाजा."

"आणि तीच लापशी माँनी प्यायची? पारण्याला? वाटी एकच आहे, रितिका."

"मग पलीकडच्या खुर्चीतल्या संपतला पाजा. तो नीट गिळतो."

"संपत स्वतःच्या हातानं खातो. संकल्पात बसत नाही."

"संकल्प करताना कुणी विचारलं होतं का, ज्याला पाजायचं त्याला पिता येतं का?"

जिनेंद्रचा चेहरा उतरला. "तू तर आपल्यातलीच पोरगी. पारण्यात आडवं येतं का कुणी?"

"बेटा, जल्दी करा," इचरजबाई डोळे मिटून म्हणाल्या. "चक्कर येऊन राह्यली."

सुनेनं त्यांच्या पाठीला हात लावला. सगळे आता कल्याणच्या आईकडं बघू लागले. मीना मघापासून पोराची हनुवटी पुसत होती.

"मीनाबाई, तुम्हीच सांगा," जिनेंद्र म्हणाला. "गाडी, जेवण, थेरपी, सगळं इथं आहे. बदल्यात कधी काही मागितलं? बिलकुल नाही. आज माझी आई उपाशी बसलीय. प्रसादानं कधी कुणाला काही होतं का?"

"मागच्या साली झालं की. वाढदिवसाचं म्हणून कुणी दूध पाजून गेल्तं. लेकरू दवाखान्यात नाकात नळ्या घालून पडलं. तवा कोण आल्तं बघायला?"

"जुनं उकरू नका. या जागेसाठी बाहेर किती आयाबाया थांबल्यात, ठाऊक आहे ना?"

आवाज मऊच होता त्याचा.

मीनानं खुर्चीच्या पट्ट्यावर हात ठेवला. घरी कल्याण दिवसभर गोधडीवर पडून असायचा. त्याला फक्त छताचे पत्रे दिसायचे. या खुर्चीत तो पहिल्यांदा सरळ बसला आणि त्याला माणसांचे चेहरे दिसू लागले. खुर्ची केंद्राची होती. जिनेंद्रलाही ते ठाऊक होतं.

"पाजा मंग," असं ती म्हणेल, या अपेक्षेनं इचरजबाईंनी वाटी पुढं केली.

मीनानं वाटीवर तळहात धरला.

"दादीजींचा संकल्प खोटा पडंल," ती म्हणाली. "कल्याणबी सोताच्या हातानं खातो."

"कधीपासून?"

"ह्या चार-दोन दिसांत. तुम्ही कुठं येता जेवणाच्या टायमाला?"

"मीनाबाई, खोटं बोलू नका."

रितिकानं कल्याणच्या न्याहारीची वाटी आणली, चेचलेल्या घट्ट खिचडीची. जाड मुठीचा चमचा त्याच्या हातात दिला आणि बाजूला झाली.

कल्याणची बोटं चमच्याभोवती एकेक करून वळली. चमचा वाटीत बुडाला, तिरका झाला, वर आला. निम्मी खिचडी शर्टावर पडली. उरलेली तोंडापर्यंत पोचली. त्यानं ती बराच वेळ तोंडात घोळवली. मग कंठ वर सरकला आणि खाली आला. ठसका लागला नाही.

मीनानं मान वर करून जिनेंद्रकडं पाहिलं.

"ठीक आहे," जिनेंद्र म्हणाला. "मग आष्टीचा तो दुसरा मुलगा आणा. जो पडूनच असतो."

"त्यालाही पातळ चालत नाही!" रितिका ओरडली.

त्या आवाजानं कल्याण दचकला. चमचा मात्र त्यानं सोडला नाही. समोर वाटी धरून बसलेल्या, ओठ सुकलेल्या म्हातारीकडं तो टक लावून बघत होता. त्यानं पुन्हा चमचा बुडवला, वर उचलला. पण या वेळी चमचा त्याच्या तोंडाकडं वळला नाही. हात लांब होत गेला. कोपर थरथरत होतं, चमच्याला त्याची लाळ लागलेली होती. तो चमचा इचरजबाईंच्या ओठांसमोर जाऊन थांबला.

भरवणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं, तसं कल्याणचंही उघडलं होतं.

इचरजबाई मागं सरकल्या. त्यांनी पदर तोंडावर धरला.

"उष्टं आहे ते!" जिनेंद्र पुढं धावला. "घ्या, घ्या त्याच्या हातातून!"

मीनानं त्याला आडवा हात घातला. पोराचा हात हवेत तसाच होता.

"घ्या ना, दादीजी," ती म्हणाली. "त्यानं मला, आईला, सुदीक अजून भरवलं न्हाई."