डंकनसाहेबाची सुटका

"गाडी तीनची आहे, मामा," भाचा म्हणाला. "ट्रंक भरून झाली का?"

ट्रंक पाच दिवस भरतच होती. डंकनसाहेब एक सदरा आत टाकी आणि दोन बाहेर काढी. भाचा खास स्कॉटलंडहून मामाला न्यायला दोंडाईच्याला आला होता. येताना बोटीचं तिकीटच घेऊन आला होता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

चूक म्हणाल तर साहेबाचीच. तेवीस वर्षं दर रविवारी तो बहिणीला पत्र लिही आणि पत्रात दोंडाईच्याची सालटी काढी. इथं ऊन माणसाला भाजून काढतं. मिरचीच्या हंगामात अख्खं गाव शिंकतं. दुधात पाणी नसतं, पाण्यात थोडं दूध असतं. ओळख ना पाळख, माणूस पहिल्या भेटीत पगार विचारतो आणि दुसऱ्या भेटीत लग्न का केलं नाही ते विचारतो. आणि धुरपदाबाई नावाची जी स्वयंपाकीण नशिबी आलीय, तिला साधा बटाटा उकडता येत नाही. उकडलेल्या बटाट्यातही ती मिरची घालते.

सत्तेचाळीस साली बाकीचे साहेब बोटीत बसले. साहेब जिथं कामाला होता ती कापसाची जिनिंग फॅक्टरी एका शेटनं घेतली. फॅक्टरीच्या इंजिनाचा खट्याळ स्वभाव एकट्या डंकनसाहेबाला ठाऊक, म्हणून तो मागं राहिला. इंजिनाची काही सोय लागली की येतो, असं त्यानं बहिणीला कळवलं. त्याला आता सहा वर्षं झाली होती. बहीण बिचारी भोळी. तिनं प्रत्येक पत्र खरं मानलं, प्रत्येक पत्राला रडली, आणि शेवटी भावाला त्या नरकातून सोडवायला पोराला धाडलं.

आणि साहेबाला तर जायचंच नव्हतं. सकाळी फॅक्टरीत जाऊन इंजिनाला शिव्या घालाव्या, कौतिक मिस्त्रीशी भांडावं, दुपारी घरी येऊन धुरपदाबाईशी भांडावं, संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवावी. याहून सुखाचं आयुष्य त्यानं पाहिलं नव्हतं. पण हे भाच्याला सांगणार कोणत्या तोंडानं? तेवीस वर्षांची पत्रं खोटी पडली असती. आतून रडकुंडीला आलेला साहेब वरून साहेबासारखा ताठ बसून होता.

धुरपदाबाईनंही तेवीस वर्षं गल्लीत साहेबाच्या नावानं खडे फोडले होते. त्यामुळे बायका आता तिचं अभिनंदन करून जात होत्या. "सुटनी वं माय तू," असं शेजारची भिकुबाई म्हणाली, तेव्हा धुरपदाबाई नुसती हूं म्हणाली. पाच दिवसांत ती साहेबाशी एकदाही भांडली नव्हती. साहेबाला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. जाताना तरी बाईनं दोन शब्द ऐकवायला हवे होते.

बारा वाजता तिनं टेबलावर धुतलेली चादर अंथरली आणि दोघांपुढं बश्या ठेवल्या.

साहेब बघतच राहिला. पांढराफटक रस्सा. उकडलेलं मटण, उकडलेले बटाटे, उकडलेली गाजरं. मिठाचा खडा, मिऱ्याची चिमूट, बस. तेवीस वर्षं घसा फोडून जे मागितलं, ते आज ताटात होतं.

भाच्यानं घास घेतला. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याचे डोळे कोरडे राहिले.

"मामा, हुबेहूब आईच्या हातचं."

"हुबेहूब?"

"अगदी हेच. आई रोज हेच करते. रविवारी गाजरं जरा जास्त घालते."

"रोज?" साहेबानं विचारलं.

"रोज. आता तुम्हालाही रोज मिळेल."

साहेबानं दुसरा घास घेतला. चावला. पुन्हा चावला. घास काही खाली उतरेना. उरलेल्या सगळ्या दुपारी, सगळे रविवार आणि ती जास्तीची गाजरं त्याला डोळ्यांपुढं दिसू लागली. त्यानं काटा खाली ठेवला, खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, आणि तोंड शक्य तितकं दुःखी केलं.

"पोरा, मला नाही येता यायचं," तो म्हणाला. "या बाईनं माझं पोट कायमचं बिघडवलंय. सभ्य माणसाचं अन्न आता मला पचत नाही. आईला सांग, फार उशीर झाला."

भाच्याच्या डोळ्यांत आज तिखटाशिवाय पाणी आलं. तीनच्या गाडीनं तो एकटाच गेला. स्टेशनवर त्यानं मामाला मिठी मारली. एवढा सोशिक माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता.

दिवस मावळताना साहेब ओट्यावर बसला होता. जीव इतका हलका झाला होता की नावं ठेवायला माणूस सापडत नव्हतं. धुरपदाबाई भाकरी आणि वाटीभर लालभडक रस्सा घेऊन आली. साहेबानं वाटी ओढली आणि एकदाची भांडायला सुरुवात केली.

"तेवीस वर्षं ओरडतोय मी. आणि शिकलीस कधी, तर जायच्या दिवशी?"

"शिकनू कसानी, सायेब?" धुरपदाबाई भाकरी मोडत म्हणाली. "पहिल्या दिनले अस्संच रांधं व्हतं मी. तुम्ही अर्धं ताट टाकी दिन्हं. दुसरा दिन मिरची कुटी टाकी, तव्हय माले शिव्या बी दिन्ह्यात, आन वाटी बी चाटी लिन्ही."