मागचा डावा दिवा

“घे मिस्त्री! तू महिनाभर वणवण केलीस, मी एका फेरीत आणला बघ!” भोंग्याने जुन्या ट्रकचा मागचा दिवा बाकड्यावर आदळला.

भोंगा हा मिस्त्रीचा पंचवीस वर्षांचा दोस्त. आवाज असा, की त्याच्या ट्रकला हॉर्न नसता तरी भागलं असतं. त्या ट्रकचं मॉडेल कारखान्याने कधीच बंद केलं होतं. अशा गाड्यांसाठी भंगारातून सामान हुडकायचं आणि बसवायचं, हाच मिस्त्रीचा धंदा. सकाळपासून त्याने भोंग्याच्या केबिनमध्ये एका गाडीचा डॅशबोर्ड, दुसरीची सीट आणि तिसरीचा छतातला दिवा बसवला होता. आता ही गाडी नेमकी कुठली, हे तिलाही सांगता आलं नसतं. राहिला होता तो मागचा डावा दिवा.

मिस्त्रीने दोन स्क्रू सोडवून लाल काच काढली. आत धूळ आणि एक वाळका कोळी. त्याने फुंकर मारली आणि त्याचा हात थांबला.

बल्बच्या मागचा पत्रा गंजून गेलेला होता. त्याच्या जागी कोणीतरी तपकिरीच्या डबीचं झाकण घासून, चकचकीत करून रिव्हेटने बसवलं होतं. झाकणावरचं उठावाचं फूल अर्धंच घासलं गेलं होतं.

डबी मिस्त्रीच्या वडिलांची. घासणारा मिस्त्रीच. “बाबांची डबी कापलीस होय रे दादा?” म्हणून धाकटा भाऊ किती हसला होता.

“कुठे मिळाला हा?”

“पुलापलीकडच्या भंगारवाल्याकडे. कुणाचं तरी जुनं गोदाम उचललंय त्याने. का रे? उजवा निघाला की काय?”

“नाही. डावाच आहे.”

धाकट्याच्या ट्रकची मागची सगळी वायरिंग मिस्त्रीने नव्याने ओढून दिली होती, त्याला आता नऊ वर्षं झाली. चौथ्याच दिवशी, पहाटे, गाडी कडेला घेऊन धाकटा मागच्या चाकाशी वाकला होता. मागून भोंग्याचा ट्रक आला. उभ्या गाडीचा मागचा उजवा कोपरा चेचला आणि धाकट्याचा पाय गेला. “मागे एकही दिवा लागलेला नव्हता रे,” भोंगा ढसाढसा रडला होता. “मला दिसणार काय?” मोडकी गाडी बघायला निघालेल्या मिस्त्रीला त्यानेच अडवलं होतं. नको जाऊस, बघवणार नाही तुला. धाकटा दवाखान्यात असतानाच ती गाडी विकून टाकण्याचं कामही त्यानेच अंगावर घेतलं होतं.

धाकट्याला त्या पहाटेचं काही आठवत नव्हतं. मिस्त्रीने मुकाट मानलं. वायरिंग त्याचीच होती. धाकट्याने भोंग्याला माफ केलं, कारण भोंग्याची चूक नव्हती. सख्ख्या भावाच्या घराची पायरी मात्र तो पुन्हा चढला नाही. त्याच्या पोरांची खुशाली मिस्त्रीला कळायची ती भोंग्याकडून.

मिस्त्रीने बल्ब पुसला. काच शाबूत होती. तो उजेडाकडे धरून त्याने बराच वेळ आत पाहिलं, मग बॅटरीच्या दोन वायरी त्याला टेकवल्या. बल्ब लागला.

“अरे वा, चालू आहे की!” भोंगा म्हणाला.

“धाकट्याच्या गाडीचा आहे.”

भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “आज लागला म्हणजे तेव्हा लागला होता, असं थोडंच आहे?”

“नाही. त्याने काहीच कळत नाही.” मिस्त्रीने वायरी काढल्या. “आतली तार बघ. विझलेल्या बल्बला दणका बसला तर तार काडीसारखी तुटते. पेटलेल्याची तापून मऊ झालेली असते, ती ओढली जाते. ही बघ कशी लोंबलीय.”

भोंग्याने बघितलं नाही. तो हातातल्या किल्लीकडे बघत राहिला.

“डुलकी लागली होती,” तो शेवटी म्हणाला. “एक क्षण रे. फक्त एक क्षण.”

“आणि नऊ वर्षं?”

“तू त्याचा भाऊ आहेस. वाटलं, आज ना उद्या तुला माफ करील. मला कोणी केलं असतं?”

मिस्त्रीला हसावं की त्याच्या थोबाडीत द्यावी, कळेना. ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला होता, त्यानेच केसाने गळा कापला होता. “होते रे माणसाच्या हातून चूक” म्हणत वर पाठही थोपटली होती. आपल्याच हातांचा मिस्त्रीने इतकी वर्षं तिरस्कार केला. प्रत्येक जोड तो तीनतीनदा तपासायचा आणि तरी त्याला झोप लागायची नाही.

त्याने बल्ब कापसाच्या बोळ्यात गुंडाळून खिशात घातला. झाकण उचकटून घेतलं. दुकानाचं शटर ओढलं आणि भोंग्याच्या ट्रकमध्ये, स्वतःच सकाळी बसवलेल्या सीटवर तो जाऊन बसला.

“चल. धाकट्याकडे. रस्ता तुला पाठ आहे.”

भोंगा खालीच उभा राहिला. अखेर त्याला एवढंच सुचलं, “मागचा दिवा बसवायचा राहिलाय.”

“राहू दे,” मिस्त्री म्हणाला. “आज मागून तू येणार नाहीयेस.”