कुवेतहून आलेलं उत्तर

सिराज चाळीच्या अंगणात शिरला, तेव्हा चंद्रभागेने अर्धा संसार बाहेर काढून ठेवला होता. हंडे, गोधड्या, पत्र्याची पेटी, बुद्धाची तसबीरसुद्धा. तो जागीच थबकला. हिला कुणी आधीच सांगितलं की काय?

“गवंडी कुठं हाय, सिराजभाय?” तिने हसून विचारलं. “भिंत मोकळी करून ठेवलीय मी.”

महिन्यामागे तो खोपोलीजवळची ही पाच खोल्यांची चाळ बघायला आला होता. त्याचा मेहुणा अबूबकर कुवेतला नोकरीला. भाडं येत राहील म्हणून त्याला ती घ्यायची होती. ‘तू सुतार माणूस, नीट बघून कळव,’ असं त्याने लिहिलं होतं. त्या दिवशी बाकीच्या चार बिऱ्हाडांनी ‘सगळं ठीक हाय’ म्हणत त्याला दारातूनच वाटेला लावलं. चंद्रभागेने मात्र आत बोलावलं, चहा दिला आणि मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत गेलेली भेग दाखवली.

“जुना मालक ऐकत नाय. नवा तरी दुरुस्त करील. लिवा त्यांना.”

त्याने लिहिलं. उत्तर काल आलं होतं.

“चंद्रभागाबाई, गवंडी येणार नाही,” तो म्हणाला. “अबूबकर म्हणतो, भिंतच गेली असेल तर सगळी चाळच पाडून नवीन बांधू. खोल्या रिकाम्या मिळाल्या तरच चाळ घेणार. जुना मालक कबूल झालाय.”

“मंग आमी कुठं जायाचं?”

पत्रात ती एक ओळ लिहिलीच नसती तर, हे कालपासून सिराजच्या डोक्यात घोळत होतं. आणि उद्या तीच भिंत हिच्या अंगावर आली असती तर, हेही.

चंद्रभागेने शेजारच्या दारांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “भेग मी दावली, ते कुणाला सांगू नका. जाईस्तोवर मला ह्यांच्यातच ऱ्हायचंय.”

तेवढ्यात शेजारची धोंडूबाई बाहेर आली. “काय झालं गं?”

सिराजनेच सांगितलं. ऐकताच ती कडाडली, “आन् मेल्या, भेग दावली कुणी तुला?”

“कुणी नाही. माझी मीच बघितली.”

धोंडूबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. सिराज गुमान ऐकत उभा राहिला. चंद्रभागा मान वर न करता एकेक हंडा आत नेत होती.